पाचव्या तारेवरचा अंगठा

हिची गाण्याची आवड आपोआप गेली, असं मी नातेवाइकांत वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. खडकीच्या क्वार्टर्समध्ये आमच्या पुढच्या खोलीत दुपारी बायकांचं भजन बसायचं आणि ही पुढे बसून ते गायची. मला रात्रपाळी, दुपारी झोपायचो. एका दुपारी मी बनियनवरच बाहेर आलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "हे घर आहे, देऊळ नाही." बायका चपला घालून गेल्या. त्यानंतर ही कुकरची शिट्टीसुद्धा फडक्याने दाबून धरायची. गाणं तर संपलंच. कुणी विचारलं, "वहिनी हल्ली गात नाहीत?" तर "तिलाच आता नको वाटतं" हे उत्तर मीच द्यायचो. ती तिथेच भाजी निवडत बसलेली असायची.

निवृत्तीनंतर आम्ही बिबवेवाडीत आलो. लेकीने अमेरिकेहून बँजो आणला. मिरवणुकीतला बटणांचा नव्हे. लांब मानेचा, कातडं मढवलेला, पाच तारांचा. शेजारी म्हणाले, "काका, यंदा गणपतीत सुपारी घेताय वाटतं!" मी व्हिडिओ बघून क्लॉहॅमर नावाची वाजवण्याची पद्धत शिकू लागलो. बोटाच्या नखाची पाठ तारेवर खाली आपटायची आणि अंगठ्याने वरची आखूड पाचवी तार छेडायची. मनात एकच होतं, हिने पुन्हा गावं आणि मी साथ करावी.

विचारल्यावर ती म्हणाली, "त्या पत्र्याच्या आवाजात? माझा आवाज आता केवढासा राहिलाय."

खरंच होतं. तारा घणघणत राहायच्या, त्यात शब्द बुडाले असते. मी जुन्या पंच्याचा बोळा करून कातड्यामागे कोंबला. सगळाच आवाज मेला.

"अहो, तोंडात बोळा कोंबून कुणी गातं का?"

ती हे सहज म्हणाली की नाही, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. बोळा काढला आणि उजव्या हाताच्या मागे लागलो.

नख आपटल्यावर बोटं लगेच तारांवर टेकवली की सूर तिथेच थांबतो. अंगठा आखूड तारेवर उतरतो. तार न छेडता तो तसाच ठेवला की ती गप्प राहते. माझा मात्र सवयीने उचलला जायचा. दाबून धरला, तर ठेकाच अडायचा. हात हलका हवा, वेळेवर टेकणारा, वेळेवर सुटणारा. रोज नाश्त्यानंतर तेवढंच घोटायचो. नख तुटलं, तर चिकटपट्टी लावून.

"आजही तेच?"

"जमेपर्यंत तेच."

एका सकाळी ती गवार मोडत होती. मी शब्दांच्या जागी हात टेकवत, ओळ संपली की सोडत वाजवत होतो. मान वर न करता तिने त्या दुपारच्या भजनाची पहिली ओळ म्हटली. आवाज कापरा, पण शब्दन् शब्द ऐकू आला. दुसऱ्या ओळीला माझा अंगठा उचलला गेला, तार खणखणली, ती थांबली.

"चुकलो," मी म्हणालो. "आजचंच नाही, तेव्हाचंही. चारचौघांत सांगेन. लिहूनही ठेवीन."

"लिहा. पण आधी तो हात नीट ठेवा," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून घ्या."