बसलं, पण सुटतंय का?

"बसलं ते दिसतंय. सुटतंय का ते सांग."

माझ्या धाकट्या मावशीचं हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. डब्याचं झाकण असो, दाराची कडी असो, बोटातली अंगठी असो. माझं लग्न ठरलं तेव्हाही तिनं हेच विचारलं, आणि आमचे हे अजून तो टोमणा विसरलेले नाहीत.

मावशी भाड्याची गाडी चालवते. डोंगरातल्या वळणांवर तिचं आयुष्य गेलं. प्रत्येक वळणाआधी तिचा पाय ब्रेकवर जातो, म्हणून लोक तिला ब्रेकमावशी म्हणतात. हसतात, आणि घरातली म्हातारी माणसं मात्र तिच्याच गाडीत बसवून देतात. गाडीची किल्ली तिनं आजवर कोणाच्या हातात दिली नव्हती. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या काकांच्यासुद्धा नाही.

एका वर्षी काकांची उजवी बाजू लुळी पडली. हाताच्या व्यायामासाठी त्यांना डोंगराखालच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पहिल्याच खेपेला उतारावर सीटचा पट्टा कमरेशी सैल पडला, काका घसरले आणि त्यांचं डोकं गिअरवर आलं. तेव्हापासून त्यांनी गाडीचं नाव टाकलं. "मी काय पोतं आहे?" म्हणत भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, व्यायाम लांबला तर हात गेलाच समजा.

म्हणून आमच्या ह्यांनी पट्टा आवळून धरणारी क्लिप आणली. डबीवर छापलं होतं, सर्व गाड्यांना बसते.

अंगणात गाडी उभी होती. मावशीनं पट्ट्याची रुंदी बोटांनी मापली, खटक्यात जाणारी लोखंडी जीभ उलटसुलट करून पाहिली, तिच्यावर क्लिप चढवली. काकांना पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला. तो कमरेशी घट्ट धरून राहिला. गाडी जरा पुढे नेऊन तिनं ब्रेक दाबला. काका जागचे हलले नाहीत. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"चल, अशीच घे दवाखान्याला!"

मावशी उतरली, त्यांच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. "आता सोडा."

"सोडीन की तिथं गेल्यावर."

"आत्ता. एकट्यानं."

काकांचा डावा हात पोटावरून पलीकडे गेला. अंगठा लाल बटण शोधू लागला. या गाडीत खटका सीटच्या खोबणीत खोल बसलेला, आणि क्लिपची कड नेमकी बटणावर आलेली. अंगठा घसरला. पुन्हा घसरला. काकांचा श्वास मोठा होत चालला. कपाळावर घाम उभा राहिला.

"अगं, काढ ना! बघत काय उभी राहिलीस?"

मी पुढे झाले. मावशीनं हात आडवा धरला.

"मावशी, त्यांना त्रास होतोय!"

"दिसतंय मला." तिनं आडवा हात खाली घेतला नाही. "मी स्टिअरिंगवर डोकं टाकून पडलेली असेन, गाडीत धूर भरत असेल, तेव्हा कोण काढणार आहे?"

काकांनी अंगठा आणखी रेटला, नख दुमडलं, बटण हललं नाही. त्यांनी हात मांडीवर टाकला आणि आमच्याकडे बघायचंच सोडलं.

तेव्हा मावशी वाकली. तिलाही लगेच जमेना. क्लिपखाली बोटाचं टोक खुपसलं तेव्हा कुठे पट्टा सुटला.

"बसली होती की छान," आमचे हे पुटपुटले.

"बसली, जावईबापू. सुटली नाही. ही आपल्या गाडीची नव्हे."

"म्हणजे मी पुन्हा भिंतीला," काका म्हणाले. "मी उतरणार नाही."

मावशीनं गाडीच्या टपावर हात टेकला. मग तिनं गाडीत हात घालून किल्ली काढली आणि काकांच्या डाव्या तळव्यावर ठेवली.

"नका उतरू. गॅरेजवाल्याला बोलावून आणते. गाडी तो चालवेल. मी तुमच्या मागच्या सीटवर बसते, मागून तुम्हाला धरून."

"तू? दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत?"

"आणि तो जोरात हाकायला लागला, तर तुम्ही ओरडा. भीतीनं माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही."

ती निघाली. काका बाजूच्या आरशातून तिच्या पाठीकडे बघत होते, किल्ली मुठीत घट्ट धरून. रस्ता वळतो तिथं मावशीची पावलं सवयीनं मंदावली, आणि मग ती दिसेनाशी झाली.