एका खुर्चीपुरता आवाज

आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा श्रवणकक्ष ज्या दिवशी उघडला, त्याच दिवशी मी त्याच्याविरुद्ध तक्रार केली. उद्घाटनाची भाषणे संपून मंडळी चहाकडे वळली होती. मी आत जाऊन एक गायन लावण्याची विनंती केली. जे ऐकू आले त्यावरून गायक शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत बसला असावा आणि त्याच्या साथीदारांना कुणीतरी कपाटात कोंडले असावे, असा ग्रह होत होता.

खोलीत एक कर्मचारी उभा होता. पन्नाशी उलटलेली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला दोरीने बांधलेला चष्मा.

"येथील प्रमुख कोण?" मी विचारले.

"प्रमुख मीच, शिपाईही मीच. बोला."

"हा आवाज आपल्याला बरा वाटतो?"

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "पण लावताना मला कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं."

आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ तक्रारी केल्या आहेत. त्यांना मिळालेल्या उत्तरांत एवढे सरळ उत्तर दुसरे नाही. त्या माणसाविषयी काही लिहून ठेवावे असे मला वाटते ते त्या उत्तरामुळे.

सारे त्याला मामा म्हणत. त्याची भाची लहानपणी शाळा सुटली की ग्रंथालयात येऊन देवघेवीच्या टेबलाखाली बसे आणि तिथून 'मामा, मामा' करी. तिचे ऐकून वाचक तसे म्हणू लागले, मग कर्मचारी, आणि शेवटी त्याच्याहून वयाने मोठ्या असलेल्या ग्रंथपालबाईदेखील. भाची आता एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मामाला स्वतःचे मूल नाही. घरात तो, मामी आणि भाचीची आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, असे तिघे राहतात.

संस्थेत मामाला स्वतःची अशी जागा कधीच नव्हती. जिथे माणूस कमी तिथे मामा. बांधणीवाला आजारी पडला की खळ लावायला मामा, वर्तमानपत्रांच्या दालनात भांडण झाले की तिथे मामा, तळघरातील कोठाराची किल्ली हरवली की कुलूप फोडायलाही तोच. त्याच्या बरोबरीने लागलेले लोक टेबलामागे बसून निवृत्त झाले, हा मात्र उभाच राहिला. श्रवणकक्ष निघाला तेव्हा तो सांभाळण्यास कुणी तयार नव्हते, कारण पहिल्या मजल्यावरची ती मागची खोली म्हणजे मोडक्या खुर्च्यांची अडगळ होती. ती मामाच्या वाट्याला आली. 'ही तुझी' म्हणून मिळालेली त्याची ती पहिली वस्तू.

खोलीसोबत मिळालेले स्पीकर हे सगळ्यांत कमी दराच्या निविदेचे फळ होते. दोन लहान पेट्या. एखाद्या बेताच्या घरातल्या दिवाणखान्यात शोभतील अशा. कंत्राटदाराने त्या छताजवळ, दोन कोपऱ्यांत, उंच कपाटांच्या डोक्यावर ठेवल्या होत्या, कारण तिथे त्या कुणाच्या पायात येत नव्हत्या. उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीची जागा ठरवायला कार्यकारिणीच्या तीन बैठका झाल्या. स्पीकरची जागा ठरवली ती शिडीच्या उंचीने.

माझ्या तक्रारीचा परिणाम असा झाला की कार्यकारिणीने पाहणी समिती नेमली. वर्षअखेरीस ती येणार होती. आवाज समाधानकारक नसल्यास श्रवणकक्ष बंद करून तिथे सभागृह करावे, असे ठरले. संस्थेकडे सुधारणेची मागणी केली की संस्था बंद करण्याचा ठराव करते, हा माझा जुना अनुभव आहे. मी मामाला तसे सांगितले. तो म्हणाला, "बंद करायला त्यांना निमित्त हवंच होतं. मला मात्र वर्ष मिळालं."

ते वर्ष मी जवळून पाहिले. त्याने प्रथम स्पीकर खाली उतरवले. दोन लाकडी स्टुलांच्या पायांमध्ये विटा ठेवून ती जड केली, त्यावर रबराचे तुकडे घातले आणि पेट्या बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीला आणल्या. मग त्या भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या. घुमणारा आवाज एकदम निम्मा झाला. "भिंतीला पाठ लावली की या छाती फुगवून बोलतात," मामा म्हणाला. "आपल्या अध्यक्षांसारख्या."

पुढे त्याने खुर्ची आणली. दोन स्पीकर आणि ती खुर्ची यांच्यात सुतळी ताणून तिन्ही अंतरे सारखी केली. पेट्यांची तोंडे किंचित आत, खुर्चीकडे वळवली. तरीही गाणाऱ्याचा आवाज मध्यभागी येईना. तो सगळीकडून येई आणि कुठूनच येत नसे. यावर मामाने आठवडे घालवले, खुर्ची पुढेमागे केली, कपाटे हलवली. शेवटी भाची एका सुट्टीच्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन आली आणि तिने मागे वाकून पाहिले तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या जोडलेल्या. एक पेटी पुढे ढकलत होती तेव्हा दुसरी मागे ओढत होती.

"मामा, दोघांचं पटत नव्हतं म्हणायचं," ती वायर बदलताना म्हणाली.

"माझ्या लक्षात यायला हवं होतं गं."

"तुझं आणि मामीचं कुठे लक्षात येतं कुणाच्या?"

वायर बदलताच गायक दोन पेट्यांच्या मधोमध, रिकाम्या हवेत, उभा राहिला. मी खुर्चीत होतो. मी जे ऐकले ते शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करणार नाही. एवढेच सांगतो की तो माणूस ओळीपूर्वी श्वास घेतो, हे मला प्रथमच कळले.

उरली ती भिंत. तैलरंगाने रंगवलेली, उघडी, टाळी वाजवली की परत टाळी देणारी. मामाने मला खुर्चीत बसवले आणि स्वतः हातआरसा घेऊन भिंतीला चिकटून सरकू लागला. जिथे आरशात मला स्पीकर दिसे तिथे मी 'दिसला' म्हणायचे आणि त्याने खडूची खूण करायची. आवाज भिंतीवर तिथेच आपटून कानाकडे येतो, म्हणून तिथे जाड कापड हवे, असे त्याने एका जुन्या मासिकात वाचले होते. कापड मागायला तो घरी गेला तेव्हा मी सोबत होतो.

मामी एका शिंप्याकडून कपडे लहानमोठे करून देण्याचे काम घरी आणत. दारातूनच त्यांनी ओळखले.

"काय न्यायला आलात आता?"

"ती जुनी रजई."

"आपल्या खिडकीला गेली कित्येक वर्षं पडदा नाही. शेजारीण आमटीत मीठ किती पडलं तेही बघून घेते. आणि तुम्ही भिंतीला रजई नेसवायला निघालात."

"भिंतीला थंडी वाजत नाही, पण—"

"मला वाजते. घेऊन जा. पण कडा शिवून देते, तशी फाटकी नेऊ नका. लोक म्हणतील, बायकोला सुई धरता येत नाही." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही तरी सांगा यांना, एवढा जीव टाकण्यासारखं काय आहे त्यात?"

मी म्हणालो, "वहिनी, तक्रार करायला जागा उरलेली नाही, एवढंच मी सांगू शकतो."

"तुम्हाला? मग खरंच चांगलं झालं असणार," त्या म्हणाल्या आणि शिवू लागल्या.

ती रजई, फरशीवर एक जाडी सतरंजी आणि खुर्चीच्या मागे पुस्तकांचे उघडे कपाट एवढ्यावर खोली सिद्ध झाली. पुस्तके मुद्दाम मागेपुढे, वेडीवाकडी लावलेली होती. आवाज मोठा करू द्यायचा नाही, हा मामाचा एकच नियम. तो म्हणे, "स्वस्तातली पेटी आहे. हळू बोलू दिलंत तर खरं सांगते, ओरडायला लावलीत तर खोटं बोलते." हळूहळू लोक येऊ लागले. खुर्ची एकच, म्हणून बाकीचे बाहेरच्या बाकावर आपल्या पाळीची वाट पाहत. टंकलेखनवर्ग चालवणाऱ्या एक बाई दर आठवड्याला येत, एकच वादन ऐकत आणि कुणाशीही न बोलता जात.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी ग्रंथपालबाई वर आल्या. बाई वाईट नव्हत्या; खोली वाचावी अशी त्यांचीही इच्छा होती.

"मामा, उद्या मला धरून पाच माणसं येणार. पाच जण या खुर्चीत मावणार आहेत का?"

"एकेक बसतील."

"बसणार नाहीत. मी ओळखते त्यांना. दारापाशी उभे राहतील, मान हलवतील, खाली चहाला जातील. तेव्हा उद्यापुरतं असं करा. पेट्या बाहेरच्या बाजूला वळवा, थोडा आवाज वाढवा, रजई काढून ठेवा. दारातून भरगच्च ऐकू आलं की पुरे."

"मग खुर्चीतलं बिघडेल."

"उद्या खुर्चीत कुणी नसणारच आहे. परवा पुन्हा लावा तुमचं."

मामाने सतरंजीचे दुमडलेले टोक सरळ केले. नंतर म्हणाला, "बाई, त्यांच्यातला एक जरी बसला आणि त्याला वाईट ऐकू आलं, तर मी वर्षभर काय केलं?"

"आणि एकही बसला नाही तर?"

घरी मामींनीही त्याला तेच सांगितले, हे मला नंतर कळले. पाहुणा जिथे उभा राहणार तिथला केर आधी काढावा, असे त्या म्हणाल्या होत्या. त्याने काहीही हलवले नाही.

समिती आली. अध्यक्ष हे एका महाविद्यालयाचे निवृत्त प्राचार्य. सोबत खजिनदारबाई, एक अभियंता, एक वकील आणि ग्रंथपालबाई. मी सभासद या नात्याने बाहेरच्या बाकावर होतो आणि दार उघडे होते.

"साहेब, इथे बसावं लागेल," मामा म्हणाला. "एकेकानं."

अध्यक्ष हसले. "बाई, आपण बसा."

"छे, आपल्याआधी मी कशी बसू?" खजिनदारबाई म्हणाल्या.

"ज्येष्ठांनी बसावं," अभियंता म्हणाला.

"सगळे उभे असताना मी एकटा बसणं बरं दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले. "वकीलसाहेब, आपले गुडघे दुखतात ना?"

"दुखतात, पण एवढे नाहीत."

खुर्चीभोवती सौजन्याची ही चढाओढ चालली असता मामाने वादन लावले. तो हात पुढे करून खुर्ची दाखवत उभा होता. कुणी बसले नाही. खजिनदारबाई भिंतीकडे सरकल्या आणि म्हणाल्या, "इथे तर नुसतं घुमतंय."

"बाई, तिथे नाही, इथे. एक मिनिट बसा."

"खुर्चीत काय पुरून ठेवलंय एवढं?" त्या म्हणाल्या. सारे हसले.

अभियंत्याने दारापाशी जाऊन कान दिला. "एका खुर्चीपुरताच आवाज चांगला असेल, तर तो यंत्रणेचा दोष आहे."

"दोष आहेच, साहेब," मामा म्हणाला. "अशा पेट्यांतून सगळ्या खोलीला चांगला आवाज देता येत नाही. एका माणसाला देता येतो."

अध्यक्ष गंभीर झाले. "मामा, तुमचे कष्ट दिसतात. पण ही सार्वजनिक संस्था आहे. एकाला उत्तम आणि बाकीच्यांना बाहेरचा बाक, हे मला पटत नाही. मिळेल ते सर्वांना सारखं मिळालं पाहिजे."

या वाक्यात मला आजही दोष काढता येत नाही, आणि म्हणूनच ते मला आजही खुपते.

"एका वेळी एकाला, साहेब," मामा म्हणाला. "पुस्तक तरी दोघं मिळून कुठे वाचतात?"

वादन संपायला अजून अवकाश होता. ग्रंथपालबाईंनी चहा निवतोय असे सांगितले आणि मंडळी खाली गेली. पाच जणांपैकी एकही खुर्चीत बसला नव्हता.

अहवाल उदार होता. श्रवणकक्ष बंद करू नये, असे त्यात म्हटले होते. मात्र आसनव्यवस्था अपुरी असल्याने खोलीत दोन रांगांत खुर्च्या मांडाव्यात, सतरंजी व रजई स्वच्छतेच्या दृष्टीने काढावी, कपाट भिंतीला लावावे आणि स्पीकर पूर्ववत उंचावर, भिंतीत पक्के बसवावेत. मामाच्या प्रामाणिक सेवेची नोंद घेतली होती आणि कक्ष त्याच्याकडेच ठेवला होता.

मी त्याच दिवशी आक्षेपाचा मसुदा करायला बसलो. मामाने मला थांबवले.

"नका लिहू. मागच्या तक्रारीवर वर्ष मिळालं होतं. या वेळी ते खोलीच काढून घेतील."

"पण उरलं काय त्या खोलीत?"

"मी उरलो ना," तो म्हणाला, आणि त्यात कडवटपणा नव्हता. कडवटपणा माझ्याकडे होता. तो मी त्याच्या वतीनेही बाळगून आहे.

सुतार आला त्या सकाळी मी गेलो होतो. रजईची घडी घालून मामाने पिशवीत ठेवली होती. खडूच्या खुणा त्याने ओल्या फडक्याने पुसून काढल्या आणि शिडी स्वतः धरली. सुताराने कोपऱ्यात ड्रिल लावले, भिंतीचा पांढरा चुरा मामाच्या केसांवर पडत राहिला. पहिली पेटी वर चढली.

"भाऊ, तोंड जरा खाली झुकवता येईल का?" मामाने विचारले. "बसलेल्यांच्या कानाकडे?"

"हे स्टँड सरळच येतं, मामा. झुकवायचं तर दुसरं आणावं लागेल. मंजुरी आहे का?"

"नाही."

"मग?"

मामाने चष्मा पुसला, दोरीच्या टोकाला सोडून दिला आणि शिडी दुसऱ्या कोपऱ्याकडे उचलून नेली.

"सरळ लावा," तो म्हणाला. "पण दोन्ही एका उंचीला आली पाहिजेत. थांबा, मी मापून देतो."