नांदरुकाखालची समाधी

वानरं जे खात, तेच आमच्या वानरबाई तोडून चावून बघत. ऐनाची पालवी, सावरीची फुलं, सुबाभळीच्या शेंगा, फार्महाउसच्या कुंपणावरची बोगनवेल, काहीही. चघळायच्या, थुंकायच्या आणि निकाल द्यायच्या, "कडू आहे. नाइलाजानं खाताहेत." एकदा कसल्याशा चिकानं त्यांचे ओठ टम्म सुजले. मी ताक दिलं आणि चांगलं झापलं. "अहो, पण त्यांचे नाही सुजले, हे बघा ना," म्हणाल्या.

बाई पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. तुकडे पडलेल्या जंगलात वानरं काय खाऊन तगतात, याचा अभ्यास करायला त्या आमच्या गावी, रिह्यात आल्या आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिल्या. तुकडे म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको होतं. गावामागची राई हा एक तुकडा, समोरचा डोंगर दुसरा, आणि मधे प्लॉट नि रस्ता. दोन्हींना जोडणारं एकच झाड उरलेलं, मारुतीच्या देवळाजवळचं जुनं नांदरूक. वडाच्याच जातीचं. त्याच्या फांद्या रस्त्यापलीकडे पोचलेल्या. टोळी त्यांवरून डोंगरावर जायची, आणि बाकीची झाडं रिकामी असली की याचीच बारीक फळं खायची.

"हे गेलं तर ती तुमच्या पावट्यात येतील," बाई बजावायच्या. "मग वानरं माजली म्हणून माझ्याकडे यायचं नाही."

शनिवारी बाईंचा पारा चढलेला असे. देवळापुढे गाड्या थांबत आणि वानरांना केळी, बिस्किटं, जिलेबी वाटली जाई. बाई मधे उभ्या राहून ओरडत, "पाला पचवणारं पोट आहे त्यांचं, गाईसारखं! गाईला जिलेबी घालाल का?"

देवळाचं सगळं माझे चुलतदीर आबाभावजी बघतात. ते म्हणायचे, "शनवारी वानराला द्यायचं न्हाई, मग कुनाला द्यायचं? तुमाला?"

"द्या. मला पचतं."

लोक हसायचे आणि जिलेबी टाकायचे.

एका रविवारी टोळीतली एक मादी नांदरुकाखाली मरून पडली. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. लग्नातला भात खाऊन गाय फुगते, तशीच. आदल्या दिवशी कुणीतरी कार्यात उरलेली जिलेबी टोपलीनं ओतली होती. गावानं काय करावं? तिला हार घातले, टाळमृदंगात मिरवलं, झाडाखाली पुरलं. दहाव्याला पुरुषांनी डोकी भादरली आणि गावजेवण घातलं. जेवणात गोड काय, तर जिलेबी! बाई पंगतीला बसल्या नाहीत. मीही वाढून झाल्यावर तशीच घरी आले.

मग समाधीची टूम निघाली. जिथं पुरलं तिथंच छोटं देऊळ, वर छप्पर, खाली फरशी. आणि फळं पडून फरशी खराब होईल, म्हणून झाड काढायचं. वानरीच्या देवळासाठी वानरांचं झाड! चांगली शिकलेली, नोकरीची माणसं होती त्या बैठकीत. एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

बाई उभ्या राहिल्या. "मेलेलीला छप्पर देताय आणि जिवंतांच्या तोंडचं काढताय. थोडी तरी लाज?"

"बाई, तुमी भाडेकरू. गावाच्या देवाधर्मात पडू नका," आबाभावजी म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "वैनी, समजवा की जरा यांना."

"समजायचं तुमालाच हाय, भावजी," मी म्हटलं. "तिनं जिलबी मागितली नव्हती, आन् देऊळबी मागितलं न्हाई."

कुणी ऐकलं नाही. बाईंनी तालुक्याला जाऊन वनखात्यात तक्रार दिली. साहेब गावात पोचले तोवर ओंडकेसुद्धा हलवले होते. साहेबांनी समाधीला नमस्कार केला आणि चहा घेऊन गेले.

झाड पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी राईच्या टोकाला आली आणि थांबली. पुढं फांदीच नव्हती. खाली हिंजवडीला निघालेल्या गाड्यांची रांग. पिल्लांच्या आया खाली उतरायच्या, हॉर्न वाजला की पुन्हा वर पळायच्या. एक नर कसाबसा पलीकडे गेला आणि तिकडून नुसता ओरडत राहिला. बाईंनी चहाचा कप कठड्यावर ठेवला, तशाच चपला घालून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात आडवे केले. लोकांनी शिव्या घातल्या. बाई हलल्या नाहीत. मग रोज तेच. हॉर्नच्या वर आवाज जावा म्हणून त्यांनी शिट्टीही आणली.

अभ्यास संपला, खोली रिकामी झाली. निघताना गळाभेट वगैरे काही नाही; आम्हा दोघींनाही ते जमत नाही. बाईंनी शिट्टी माझ्या हातात ठेवली. "शेवटी एक म्हातारी असते, ती फार सावकाश येते. ती गेल्याशिवाय सोडू नका कुणाला."

आता मी उभी राहते. आबाभावजी समाधीपाशी घंटा वाजवत माझ्याकडे बघत नाहीत, हे बरंच आहे. परवा एका गाडीतल्या तरुणानं काच खाली केली. "मॅडम, अजून किती वेळ? ऑफिसला उशीर होतोय."

"त्यांना न्याहारीला होतोय," मी म्हटलं. "तुमचं कॅन्टीन अजून कुणी तोडलेलं नाही. थांबा."

म्हातारी अजून यायची होती.