काचेवरची तांबडी रेघ

ईशान, मुक्ता,

तुमच्या घरातल्या समुद्री माशांच्या टाकीचा फोटो मिळाला. "छान" एवढंच कळवलं मी. पुढचं कुणालाच कधी सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांनाही नाही.

सत्तरच्या दशकात मी परभणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून समुद्री मासे मागवले. ते घेऊन मालवणकडचा गजा तांडेल स्वतः मुंबईहून रेल्वेने आला. पिवळ्या पट्ट्यांचे चार मासे, त्यानेच बुडी मारून धरलेले, आणि डब्यांत समुद्राचं पाणी. यंत्राच्या बोटी आल्यापासून त्याच्या होडीला मासळी लागत नव्हती. हे चार जगले, तर व्यापारी त्याच्याकडून आणखी घेणार होता.

शाळेतल्या काचेच्या टाकीत पाणी भरून झाल्यावर त्याने काचेवर तांबड्या रंगाची रेघ ओढली. "बाईनू, पाणी उतरला तर गोडाच घाला. पाणी उडता, मीठ टाकीतच रवता."

मी ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं. पण मी इंग्रजीतून शिकलेली — होडीवरच्या माणसाकडून विज्ञान काय शिकायचं?

उन्हाळा लागला. पाणी भराभर उतरू लागलं. मी विहिरीच्या पाण्यात मीठ विरघळवून रेघेपर्यंत भरत राहिले. आमचे शिपाई किसनमामा एकदा म्हणाले, "समुद्राला कोन मीठ घालायलंय, बाई? त्यो नको म्हनला हुता की." मी हसून सोडून दिलं.

पंधरा दिवसांत चारही मासे मेले. मी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ पोळावी इतकं खारट — कडूच.

आणि मग, ती चव तोंडात असताना — हो, कळून-सवरून — मी व्यापाऱ्याला पत्र लिहिलं. मासे आले तेव्हाच आजारी होते. औषध टाकून, झिंगवून धरलेले असावेत. स्वच्छ इंग्रजीत लिहिलं. व्यापाऱ्याने कळवलं, या माणसाकडून यापुढे काही घेणार नाही.

महिन्याभराने गजाचं पोस्टकार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात. "मी औषध घालूक नाय. मासे कशान मेले तेवढा कळवा, बाईनू."

मला माहीत होतं. मी कळवलं नाही.

त्याचं पुढे काय झालं, ते मी कधी विचारलंही नाही.

पोस्टकार्ड माझ्या कपाटात आहे. शाळेतून आणलेली ती टाकी माळ्यावर आहे. काचेवरची तांबडी रेघ अजून दिसते.