पायातली गाठ आणि आईचा फोन

बायांनो, बाईसारखं शरीर व्हावं म्हणून हार्मोनच्या गोळ्या मी मैत्रिणीचं ऐकून सुरू करणार होते. पर्समध्येच होत्या. तरी आज उमरग्यात डॉक्टरांकडं गेले. त्यांनी विचारलं, "या गोळ्यांनी रक्ताची गाठ होऊ शकते. घरात कुणाच्या पायात तशी गाठ झाली होती का?"

मला काय माहीत? मी बाई म्हणून राहायला लागले आणि घर सुटलं, त्याला तीन वर्षं झाली.

बाहेर येऊन आईला फोन लावला. तिनं उचलला.

"व्हय, तुझी आत्या त्यानंच गेली. का रं, तुझा पाय सुजलाय का?"

"न्हाय," म्हणून मी फोन ठेवला.

डॉक्टरांना सांगितलं. म्हणाले, सगळ्या तपासण्या झाल्याशिवाय एकबी गोळी घ्यायची न्हाय.

माझ्या आईनं फोन उचलला. ज्यांची आई उचलत न्हाय, त्यांनी हे कुणाला विचारायचं?