मोऱ्याचा आकडा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. देवळात हात जोडायची तेव्हाही दुसरंच काहीबाही मागून उठायची. आता तुम्ही समोर पाटावर बसला आहात असं धरते अन् लिहिते. मध्ये थांबले तर थांबू द्या. मी बोलकी बाई आहे — पण या एका गोष्टीपाशी आले की माझी जीभ दुसरीकडेच वळते.

आमच्याकडे धान घरात आलं की शंकरपट भरतात. दोन बैल, हलका छकडा, त्यावर बैल हाकणारा धुरकरी, अन् समोर सरळ मैदान. मध्ये काही वर्षं बंद होते, आता परत धूमधडाक्यात सुरू झाले. पट दोन दिवसांचा — पण त्याच्या गोष्टी वर्षभर पुरतात. कोणती जोडी सुटायला तेज, कोणती शेवटाला जोर धरते, कोणता बैल जोडीदाराला ओढून नेतो अन् कोणता नुसता त्याच्या जिवावर पळतो. माणसं यावरून भांडतात, अबोला धरतात. अन् या भांडणात माझा शब्द चालतो, बरं का. आसगावला बापाच्या कोठ्यात वासरांसंगं वाढले, कोंढ्याला पटाच्या जोडीवाल्याच्या घरी पडले. बैलाचं पाऊल, पाठ, श्वास — मला दिसतं ते. ‘आजीले विचारा’ म्हणतात लोक. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागतं.

हेच तर मूळ आहे सगळ्याचं. गोड लागणं.

यंदाच्या पटाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. माझी नात प्राची पवनीला कॉलेजात जाते. तिनं मोबाइलवर घोड्यांच्या शर्यती दाखवल्या. तिकडे मुंबई-पुण्याला प्रत्येक घोड्याला म्हणे आकडा असतो — कुणाला हरवलं, पाठीवर किती वजन घेऊन हरवलं, सगळं धरून. पोरगी म्हणाली, आपल्या भागातल्या जुन्या-नव्या बैलांना आपणही आकडे देऊ. दहापैकी. अन् शेवटचा आकडा आजीचा.

झालं! अंगणात पटच भरला. यांच्या चांद्याला सगळ्यांनी नऊ दिले. एकजण दहा म्हणाला, तर शेजारचा माणिक उसळला, “दहा देवाले राखून ठेव ना बे!” सगळे हसले. मग कुणीतरी मोऱ्याचं नाव काढलं.

मोऱ्या म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, गोविंदाचा बैल. माझ्या लग्नानंतरच्या एका पटात तो अन् चांद्या शेवटच्या फेरीत समोरासमोर आले होते. मोऱ्या सुटला बाणासारखा. अर्ध्या मैदानापर्यंत पुढे होता. मग त्याचं पाऊल जड झालं, मान खाली गेली, अन् चांद्या पुढे निघून गेला.

“त्याले कायचा आकडा?” माणिक म्हणाला. “अर्ध्यातच बसला तो. बैल नाई, म्हस होती म्हस!”

गोविंदा तिथंच बसला होता. म्हातारा झाला आता, काठी धरून बसतो. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. त्यानं नुसतं हसून म्हटलं, “चूक मायीच होती गा. दम नव्हता त्याच्यात. मले वळखता आलं नाई.”

मला वळखता आलं नाही — असं म्हणाला तो. ज्याच्याकडे लोक पवनीपलीकडून खोंड दाखवायला आणायचे, तो.

प्राचीनं मोबाइल माझ्यासमोर धरला. “सांग आजी, मोऱ्याले किती?”

मी काय केलं असेल? तुम्हाला काय वाटतं? मी पदर सारखा केला अन् म्हणाले, “चार. सुरुवात चांगली होती म्हणून.”

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. चुलीवर भात ठेवते अन् विसरते. अंगणातून कोठ्यात जाते, कोठ्यातून अंगणात येते. सून विचारते, “काही हरवलं का आई?”

ऐका आता. फिरून फिरून तिथंच यायचं आहे, तर येतेच.

पटाला बाहेरगावचे सोयरे बैल घेऊन नात्यातल्या घरी उतरतात. गोविंदा माझ्याच घरी उतरला होता. कोठ्याच्या एका बाजूला यांची जोडी, दुसऱ्या बाजूला मोऱ्या अन् त्याचा जोडीदार. पटाच्या बैलाला धावण्याआधी पोटभर चारत नाहीत, पाणीही जिभेपुरतंच दाखवतात. भरल्या पोटाचा बैल धावत नाही — हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. म्हणून त्या दिवशी बैलावर पहारा असतो. कुणी जळकुट्यानं येऊन काही खाऊ घालू नये म्हणून.

शेवटच्या फेरीच्या दिवशी सकाळी सगळे पुरुष मैदानावर गेले. जाताना गोविंदा मला म्हणाला, “बाई, तुयाशिवाय कोनाच्या हातचं घेत नाई तो. कोनाले जवळ येऊ देजो नोको.” अन् निर्धास्त गेला. मोऱ्या पाड्याचा बैल होताना त्याला मीच तर कण्या चारल्या होत्या ना आसगावला. तो मला वासावरून ओळखायचा.

पहारा माझा होता. कळलं ना तुम्हाला?

मी बादलीत सरकीची ढेप, म्हणजे पेंड, कालवली, मीठ टाकलं — मिठानं तहान वाढते — अन् त्याच्यापुढे धरली. त्यानं चाटून साफ केली. मग पाणी दिलं, वर परत पाणी. पलीकडून चांद्यानं बादलीकडे तोंड वळवलं, तर त्याचं तोंड मी हातानं बाजूला सारलं. म्हणजे डोकं ठिकाणावर होतं माझं. पाणी पिऊन झाल्यावर मोऱ्यानं ओलं तोंड माझ्या हाताला घासलं. मग मी बादली विसळून पालथी घातली अन् बायांबरोबर शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन उभी राहिले, पट पाहायला.

बरीच वर्षं मी मनाला समजावलं की मी घाबरले होते. हे हरले असते तर माझ्या माहेरावर राग काढला असता, सासूनं टोमणे मारले असते. पण हे रागीट नव्हते हो. सासू तर आदल्या दिवशी म्हणाली होती, “कोनीबी जिंको, बक्षीस आपल्याच घरात.” मग काहून केलं मी? मला पहिल्या नंबरच्या जोडीवाल्याची बायको म्हणून विहिरीवर जायचं होतं. एवढंच. दुसरं काही शोधून सापडत नाही.

गोविंदानं मोऱ्याला बाजारात विकलं. कुणी घेतला, कुठं नेला, मी विचारलं नाही. पटाचा बैल त्यानं पुन्हा पाळला नाही. खोंड दाखवायला येणारे हळूहळू यायचे बंद झाले — ज्याला स्वतःचा बैल कळला नाही त्याला काय विचारायचं? अन् लोक कुणाकडे यायला लागले, माहीत आहे? माझ्याकडे. मी आलेल्यांना चहा पाजून सांगायची, दिसायला मोऱ्यासारखा आहे, पण दम पाहून घ्या.

हे तर गेले, चांद्याचं नाव घेत घेत गेले.

गोविंदा अजून इथंच आहे, उद्या आसगावला जाईल. आत्ता अंगणात उन्हाला बसला आहे, माझ्या हातचा चहा पितो आहे. घरात कुणी चहा विचारला तर म्हणतो, बाईच्याच हातचा दे.

प्राचीला बोलावलं आहे मी. मोबाइल घेऊन ये म्हटलं, अन् मामाआजोबाला उठू देऊ नको. चांद्याचे नऊ खोटे आहेत. तो पट चांद्यानं मारला नव्हता. मोऱ्यात दम होता, अन् माझ्या भावाला बैल कळत होता. पाणी मी पाजलं.