हळद अजून रानात होती

महादेवावर माझा विश्वास जुनाच. त्याचा माझ्यावरचा उडाला की काय, अशी शंका मात्र मला मधल्या काळात येऊ लागली होती. आमच्या गावात शिवरात्रीला पालखी उठते ती आमच्या घरच्या शंखावर. देवळाच्या पायरीवरून समोरच्या पारापर्यंत पालखी पोचेस्तोवर शंख एका दमात वाजला पाहिजे. मध्ये तुटला की भोई जागीच थांबतात. वडिलांचा शंख पालखी पाराला टेकल्यावरही वाजत राहायचा. माझा गेल्या खेपेला निम्म्यात बसला आणि एसटीच्या चाकातून हवा जावी तसा आवाज झाला. भोई एका पायावर उभे, आणि मी खोकतोय. "हळदीची धूळ," मी म्हणालो. औंढ्यापासून वसमतपर्यंत हे कारण कुणी नाकारत नाही. वाळलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये पडली की माणसं, म्हशी, दोरीवरची धोतरं, सगळं पिवळं होतं.

खरं कारण देवळामागच्या ओट्यावर होतं. भजन संपलं की आम्ही टाळकरी तिथं बसायचो आणि चिलीम फिरायची. तिच्यातल्या मालाला गांजा म्हणायची रीत नाही. म्हणायचं, महादेवाचा प्रसाद. कपाळाला लावायची, 'बम' म्हणायचं, ओढायची. आणि प्रसादाला नाही म्हणू नये, हा आमचा धर्म. इतका धर्मनिष्ठ मी दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नाही. एकदा हिनं विचारलं, "प्रसाद हाय म्हंता, मंग घरी काहून आणत न्हाई? लेकराच्या बी हातावर ठेवा की थोडा." मला तेवढ्यात खोकला आला, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

पण लेकरानं प्रसाद आपला आपण घेतला होता. पोरगं अकरावीत, कबड्डी खेळणारं. पौषात एका सकाळी न्हाणीतून खोकला ऐकू आला. माझाच सूर, आणि शेवटी छातीतून निघणारी शिट्टीही माझीच. "काय झालं रे?" "काई न्हाई बाबा, हळदीची धूळ." ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "हळद तं अजून रानात हाय, जमिनीखाली." बोलली त्याला, बघत माझ्याकडं होती. त्याला रागवायला मी तोंड उघडलं आणि मलाच ठसका लागला. ज्या तोंडातून धूर निघतो त्यातून उपदेश कसा निघावा? देवापुढं जाऊन म्हणालो, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोराचा दम शाबूत ठेव. चिलीम सोडतो, असं मात्र म्हणालो नाही. देवाशीसुद्धा थोडं हातचं राखूनच बोलावं, असा माझा तेव्हाचा समज.

शिवरात्रीच्या आदल्या दुपारी वाशिमकडचे एक म्हातारे साधू औंढ्याला पायी जाताना आमच्या देवळात टेकले. साधूला पहिल्या चिलमीचा मान असतो. मी ओलं फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी ती पुढं केली. महाराजांनी कपाळाला लावली आणि परत दिली. मग झोळीत हात घातला. आम्हाला वाटलं, स्वतःची चांदीची काढतात. निघाला दम्याचा पंप. त्यांनी तो हलवला, तोंडात धरला, ढुस्स केलं आणि श्वास रोखून बसले. आम्ही हात जोडले. दुसरं काय करावं, सुचेना.

"जिंदगी गेली हेच ओढण्यात," ते म्हणाले. "डाक्टर म्हणे, छातीला बिडीचा धूर आन् गांजाचा धूर येगळा कळत न्हाई."

"पण महाराज, ह्यो तर महादेवाचा प्रसाद," मी म्हणालो.

"महादेवानं इष पिलं ते एकदाच. ते बी गळ्यात थांबवलं, खाली उतरू देलं न्हाई. तू तं रोज सीधा छातीत नेऊन राहिला. महादेवापक्षा मोठा झाला का बे?"

पोरगं महाराजांसाठी चहा घेऊन आलं होतं. कप हातात धरून तसंच उभं राहिलं. महाराजांनी तो घेतला, फुंकर मारत संपवला आणि वाटेला लागले.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर शंख उचलला आणि कळलं, दम नाही. सगळं गाव बघत होतं. तोंडातून आपोआप निघून गेलं, "हळदीची धूळ न्हाई हो. चिलमीचा धूर हाय." मग एका टाळकऱ्याला खोकला आला, त्याचा ऐकून दुसऱ्याला, आणि बघता बघता अख्खं भजनी मंडळ तालात खोकू लागलं. मी शंख पोराकडं केला. त्यानं मान खाली घातली. "माझ्यात बी न्हाई, बाबा."

"आणा हिकडं," बायकांतून ही पुढं आली. घरच्या पूजेचा लहान शंख रोज हीच वाजवते. त्याच आवाजानं तर मला जाग येते. तिनं पदर खोचला आणि शंख ओठाला लावला. पालखी उठली, पाराशी आली, पार ओलांडून पुढं गेली. शंख थांबेना म्हणून भोईही थांबेनात. वेशीपासून परत आणावी लागली.

मग आम्ही बापलेक वसमतला डॉक्टरांकडं गेलो. आत्ताच सोडलं तर पोराची छाती निवळेल, असं ते लगेच म्हणाले. माझ्या छातीला नळी लावून मात्र बराच वेळ ऐकत राहिले. आता सकाळी दोघं गच्चीवर शंखाचा सराव करतो. त्याचा लांबतोय, माझाही बकरीच्या बेंबाटण्याइतका झालाय. मान अजून हिच्याकडंच आहे, आणि तिथं तो बरा शोभतो. शंख फुंकून मी देवाला काही देतो, असं मला वाटायचं. श्वास त्याचाच होता. मी मध्ये बसून धूर कालवत होतो. माझे हात रिकामे झाले, तेव्हा पालखी उठली.

ते साधू पुन्हा दिसले नाहीत. महादेवच आले होते, असं मी म्हणतो. ही म्हणते, "देवाला कुठं दमा ऱ्हातो व्हय?" पण इतक्या लोकांनी इतकी वर्षं त्याच्या नावानं धूर सोडला, त्याला नाही तर कुणाला व्हावा?